ऋण, प्रमाद आणि पाप

आम्हां दोघांच्याही घरी लहानपणी एक शिकवण सारखीच होती : पुस्तकाला पाय लागला तर पाप लागते. पाय लागलाच, तर चटकन वाकून पुस्तकाला हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा. पुढे आम्ही दोघेही मराठी घेऊन एम.ए. झालो, एकाच महाविद्यालयात शिकवू लागलो, एकाच घरात राहू लागलो. ही सवय मात्र गेली नाही. वर्गात टेबलावरून पुस्तक पडले तरी हात आपोआप कपाळाकडे जातो आणि मुले हसतात. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे चार ग्रंथ दहा वर्षे आमच्या घरातील लोखंडी पेटीच्या तळाशी पडून होते, तेव्हा हा हात कोठेही गेला नाही. प्रस्तुत लेख त्या चार ग्रंथांविषयी आहे. तो ख्रिस्ती धर्मातील पापकल्पनेविषयीही आहे. आम्ही ख्रिस्ती नाही. तरीही या दोन गोष्टी आमच्यापुरत्या एकत्र कशा आल्या, हे सांगण्यासाठी एका तासापासून सुरुवात करावी लागेल.

आमचे महाविद्यालय पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. नारायण वामन टिळकांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरमध्येच गेला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधले कितीतरी प्रसंग याच मुलखात घडतात. त्यामुळे आमच्या वर्गात दरवर्षी दोन-चार ख्रिस्ती मुलेमुली असतातच. साहित्यविचाराच्या अभ्यासपत्रिकेत ॲरिस्टॉटलची शोकांतिका आली की तिच्यामागोमाग ‘हामार्तिया’ येतो. ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल सांगतो की शोकांतिकेचा नायक दुर्गुणामुळे किंवा दुष्टपणामुळे विपत्तीत पडत नाही, तर कसल्यातरी हामार्तियामुळे पडतो. आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो : हामार्तिया म्हणजे प्रमाद, पाप नव्हे. ‘पाप नव्हे’च्या खाली दोन रेघा. आम्हां दोघांपैकी कोण शिकवत होते याला महत्त्व नाही. टिपणे एकच आहेत आणि रेघाही.

२०२२ च्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने हात वर केला. तिच्या मंडळीच्या पाळकांनी उपदेशात सांगितले होते की नवा करार मूळ ग्रीकमध्ये आहे आणि त्यात पापाला जो शब्द येतो तो हामार्तियाच. “मग तो पाप नव्हे, असं कसं?” प्रश्न सरळ होता. आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही शिक्षकांनी सहसा जे करावे तेच केले : ॲरिस्टॉटल आणि नवा करार यांच्यात तीन-चारशे वर्षांचे अंतर आहे, तो विषय अभ्यासक्रमात नाही, असे सांगितले, आणि वर एक विनोद केला. तुमच्याकडे बरे असते, रविवारी कबुली दिली की सोमवारी माणूस पुन्हा मोकळा. वर्ग हसला. ती मुलगी “आमच्यात तसं नसतं,” एवढेच म्हणून खाली बसली.

आमच्यात तसं नसतं. हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत जे वाचले त्यात पहिल्यांदा हाती लागली ती आमच्या विनोदाची लाज. ती मुलगी प्रॉटेस्टंट. तिच्या मंडळीत धर्मगुरूच्या कानाशी पापे सांगण्याची सक्तीच नाही. आणि जिथे ती प्रथा आहे त्या कॅथलिक परंपरेतही नुसत्या कबुलीने माणूस मोकळा होत नाही. पश्चात्ताप हवा, कबुली हवी, आणि झाल्या गोष्टीची भरपाई हवी. चोरलेली वस्तू परत केल्यावाचून चोरीची क्षमा पूर्ण होत नाही, ही तेथील जुनी आणि ठाम शिकवण आहे. या वाक्यापाशी आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

शब्दांकडे वळू, ते आमचे नेहमीचे आश्रयस्थान आहे. ‘हामार्तिया’ या नामामागचे क्रियापद होमरमध्ये येते ते भाला चुकण्यासाठी : योद्धा नेम धरतो, फेकतो, भाला बाजूने निघून जातो. जुन्या कराराच्या हिब्रूतही पापासाठी सर्वांत अधिक वापरला जाणारा शब्द नेम चुकण्याच्याच धातूवरून आलेला आहे. शास्त्यांच्या पुस्तकात सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे. केसावर नेम धरला तरी त्यांचा धोंडा चुकत नसे. तिथे ‘चुकणे’साठी आलेले क्रियापद आणि पाप करण्याचे क्रियापद एकच. दोन भिन्न कुळांतल्या भाषा, दोहोंतही पाप म्हणजे चुकलेला नेम. हे वाचल्यावर आम्हांला प्रथम आनंदच झाला, कारण ‘प्रमाद’ हा आमचा प्रतिशब्द वाचला असे वाटले. नेम चुकणे कुणाच्याही हातून घडते. त्यात वाईट हेतू कुठे असतो?

पण हिब्रूत तो एकटा शब्द नाही. त्याच्या शेजारी आणखी दोन उभे असतात. एकाचा अर्थ वाकडेपणा, पिळवटलेपण. आणि मौज अशी की तोच शब्द त्या वाकडेपणाच्या ओझ्यासाठी व त्याच्या शिक्षेसाठीही चालतो. दुसऱ्याचा अर्थ बंड : करार मोडणे, ज्याच्याशी बांधलेले आहोत त्याच्याविरुद्ध उठणे. एक्कावन्नाव्या स्तोत्राच्या आरंभी हे तिन्ही शब्द लागोपाठ येतात. नेम चुकला, काठी वाकली, नाते मोडले. तिन्ही मिळून ते एक पाप. आम्ही त्यातला पहिलाच तेवढा उचलून फळ्यावर लिहीत होतो.

मराठीत पापाबरोबर कोणती क्रियापदे येतात ते पाहण्यासारखे आहे. पाप लागते, जशी धूळ लागते, थंडी लागते. पाप घडते. पाप पदरी पडते. पाप धुतले जाते. ‘मी पाप केले’ हे वाक्य आपण नाटकात ऐकतो, घरात सहसा नाही. आणि पाप फेडावे लागते. ‘फेडणे’ हे क्रियापद कर्जालाही तेच. शिवाय आपल्या पापाला पुण्य नावाचा जोडीदार आहे. एकाची जमा, दुसऱ्याची नावे, आणि अखेर शिल्लक काढायची. ख्रिस्ती पापाला असा जोडीदार नाही. कीर्केगॉरने १८४९ मध्ये हे फार धारदारपणे मांडले : पापाचा विरुद्धार्थी शब्द सद्गुण नव्हे, श्रद्धा. म्हणजे वही दुसऱ्या बाजूने भरून काढता येत नाही. चार गोष्टी चांगल्या केल्या म्हणून पाचवी वाईट गोष्ट कापली जात नाही, कारण मुळात हिशेब कृत्यांचा नाही, नात्याचा आहे.

म्हणून १८११ मध्ये सेरामपूरला छापलेल्या विल्यम केरीच्या मराठी नव्या करारापासून पुढच्या प्रत्येक भाषांतरकाराला ‘पाप’ हा शब्द घ्यावा तर लागला, पण त्याच्याबरोबर पुण्याची सगळी चोपडीही आपसूक आली. फादर थॉमस स्टीफन्सनी त्याच्याही दोन शतके आधी, १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापून निघालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, हा पेच अंगावर घेतला होता; सुमारे ११ हजार ओव्यांत आदामाच्या पतनापासून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा सांगताना त्यांना आपल्या पुराणांचीच परिभाषा वापरणे भाग होते. पंडिता रमाबाईंना या परिभाषेचे ओझे जाणवत होते. केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अवघ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले; १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ त्यांच्यामागून प्रसिद्ध झाला. एका बाईने एकटीच्या बळावर केलेले हे काम मराठीच्या भाषांतरविचारात जितके चर्चिले जावे तितके जात नाही, असे आमचे मत आहे. असो. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

आम्हांला अडवले ते एका छोट्या प्रार्थनेने. येशूने शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात येते आणि लूकच्याही. क्षमा मागण्याच्या जागी लूक ‘पापे’ म्हणतो, हामार्तियाचेच अनेकवचन. मत्तय मात्र ‘ऋणे’ म्हणतो. मराठी भाषांतराने मत्तयाचे ऋण ऋणच ठेवले आहे, आणि गावोगावच्या मंडळ्यांत ही प्रार्थना त्याच शब्दात म्हटली जाते. याचे स्पष्टीकरण येशूच्या बोलीत आहे. तो अरामी बोलत असे, आणि अरामीत ‘होबा’ या एकाच शब्दाचा अर्थ ऋणही होतो आणि पापही. म्हणून तर त्याच्या दृष्टान्तांत इतके सावकार आणि इतके कर्जदार. एका चाकराला राजा दहा हजार तालांताचे कर्ज माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. आपल्याकडे तुकारामांनी कान्होबाच्या वाट्याची खते त्याच्या हवाली करून आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, ते सहसा भक्तीच्या संदर्भात समजले जाते. आम्हांला त्या पुलाखाली ती खतेही वाहताना दिसतात.

पण या प्रार्थनेत एक अट आहे. आमची ऋणे सोड, जशी आम्ही आमच्या ऋणकोंना सोडली. म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्याचा रोज कुणाशीतरी हिशेब व्हायचा असतो. ही अट आम्ही छापलेली वाचली तेव्हा ती आमच्या डोक्यावरून गेली. तिचा अर्थ पुढे एका ओसरीवर बसून कळला.

आता ते ग्रंथ. २०१२ मध्ये एका चर्चासत्रासाठी निबंध लिहायचा होता. संदर्भ विभागातील पुस्तके घरी नेता येत नाहीत, तरी आम्ही त्या विभागाच्या परिचरांना म्हणालो, “मामा, सोमवारी आणून देतो.” आमच्याकडे शिपाई, परिचर या सगळ्यांनाच मामा म्हणतात. मामांनी चार जाडजूड ग्रंथ कपाटातून काढून, धूळ पुसून, पिशवीत घालून दिले. नोंद केली नाही, कारण नियमाने नोंद करताच येत नव्हती. निबंध झाला. सोमवार आले आणि गेले. २०१३ मध्ये नॅकची समिती यायची म्हणून ग्रंथालयाची साठा-पडताळणी झाली आणि ते चार ग्रंथ गहाळ निघाले. सर्व प्राध्यापकांकडे परिपत्रक फिरले : आपल्याकडे ग्रंथालयाचे नोंदीबाहेरचे साहित्य असल्यास कळवावे. आम्ही ‘नाही’ लिहून सही केली. त्या क्षणी आम्हांला खरोखर वाटत होते की ग्रंथ परत केले आहेत. निदान आम्ही तसे धरून चालतो. घर बदलण्याच्या गडबडीत ते इतर कागदांबरोबर पेटीत गेले होते.

येथपर्यंत हामार्तिया आहे, ॲरिस्टॉटलचा. ईडिपसलाही ठाऊक नव्हते.

दोन महिन्यांनी पेटी उघडली. ग्रंथ वरच होते. तोवर मामांच्या पगारातून ३,४८० रुपयांची वसुली सुरू झाली होती, तीन हप्त्यांत. एक हप्ता कापून झालाही होता. आमच्या स्थाननिश्चितीची कागदपत्रे त्याच महिन्यात वर गेली होती. लेखी खोटे दिले असे निघाले असते तर काय झाले असते, कुणास ठाऊक; कदाचित काहीच नाही. आम्ही ठरवले की हळूच नेऊन कपाटात ठेवू. मग ठरवले की वसुली पुरी झाल्यावर ठेवू, म्हणजे संशय येणार नाही. मग काही ठरवणेच थांबले. ग्रंथ पेटीच्या तळाशी गेले. त्यांच्यावर दिवाळी अंक आले, गोधड्या आल्या. मामा आम्हांला रोज भेटत, नमस्कार करत. २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात आम्ही त्यांच्याविषयी चांगले बोललो.

ऑगस्टीन वाचला तो या पार्श्वभूमीवर. इसवी सन ३९७ च्या सुमारास त्याने ‘कबुलीजबाब’ लिहायला घेतला, तेव्हा तो आमच्याच वयाचा, चाळिशीतला होता. त्यात सोळाव्या वर्षी केलेल्या नासपतींच्या चोरीविषयी तो पानेच्या पाने लिहितो. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली फळे डुकरांपुढे टाकली. एवढ्यासाठी एवढा शोक कशाला, असे आम्हांला विद्यार्थिदशेत वाटले होते. आता वाचताना एका जागी थांबलो. तो म्हणतो की मी एकटा असतो तर ती चोरी केली नसती. सोबत हवी होती. एकमेकांसमोर लाज वाटू नये याचीच लाज. आम्ही दोघे आहोत. आम्हांपैकी एकही जण एकटा असता तर ते ग्रंथ परत गेले असते, असे आम्हां दोघांनाही वाटते. रात्री एकाने विषय काढावा, दुसऱ्याने “आत्ता नको” म्हणावे. पुढच्या वेळी भूमिका बदलाव्यात. दोघांत वाटले गेल्यामुळे ते कुणाच्याच वाट्याला पुरते आले नाही. हा लेख ‘आम्ही’ने लिहावा की ‘मी’ने, यावर आमचा वाद झाला. ‘आम्ही’ ठेवले, कारण गुन्हा त्या सर्वनामाने केला होता.

आदिपापाच्या सिद्धान्ताशी मात्र आमचे अजून भांडण आहे. ऑगस्टीनने तो पक्का केला आणि ४१८ च्या कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचा विरोधी विचार धिक्कारला, हे इतिहासात आहे. पण भाषांतर शिकवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की या सिद्धान्ताचा एक खांब भाषांतरावर उभा आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाराव्या ओवीत मूळ ग्रीकचा सरळ अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा होतो. ऑगस्टीनपुढे असलेल्या लॅटिनमधून ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघू शकला, आणि तो ‘ज्याच्यात’ म्हणजे आदाम. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्या ग्रीकच वाचत राहिल्या. त्यांच्याकडे आदामाकडून मर्त्यपणा वारशाने येतो, अपराध येत नाही. तान्ह्या मुलावर जन्मतः अपराध आहे हे आमच्या बुद्धीला आजही पटत नाही. पण ज्या जगात ते मूल येते ते आधीच वाकलेले असते, एवढे म्हणावयाचे असेल तर ते आमच्या ग्रंथालयातही दिसले. ल्यूथरने १५१५-१६ च्या व्याख्यानांत पापी माणसाचे वर्णन स्वतःतच वळलेला असे केले आहे. हिब्रूतल्या त्या वाकड्या काठीचाच तो वंशज.

एक अडचण राहतेच. ज्या एक्कावन्नाव्या स्तोत्राचा उल्लेख वर केला ते परंपरेने दावीद राजाच्या एका कृत्याशी जोडलेले आहे. दावीदाने आपल्या सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा हिला बोलावून घेतले आणि गोष्ट अंगाशी येते असे दिसताच उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. एका श्रीमंताने पाहुण्यासाठी आपली मेंढरे सोडून गरिबाची एकुलती कोकरी कापली. दावीद संतापून म्हणतो की त्या माणसाने चौपट भरून द्यावे. मग नाथान त्याला सांगतो की तो माणूस म्हणजे तूच. साहित्याचे प्रयोजन शिकवताना मम्मटाबरोबर ही गोष्टही सांगावी असे आम्हांला वाटते. पण नंतर स्तोत्रात दावीद देवाला म्हणतो की मी पाप केले ते केवळ तुझ्याविरुद्ध. येथे आम्ही पुस्तक मिटले. आणि उरीया? तो मेला आहे. त्याचे काय? टीकाकार सांगतात की माणसाविरुद्धचा प्रत्येक अपराध शेवटी त्याच्या निर्मात्याविरुद्धच असतो. युक्तिवाद कळतो. पण यात एक सोयही आहे : मेलेल्या शिपायापेक्षा दयाळू देवाशी बोलणे सोपे असते. आमच्या विनोदात काही तथ्य होते तर ते एवढेच.

त्याला उत्तर बायबलमध्येच आहे. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तेथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग ये. देवाने थांबावे, भाऊ आधी. आणि जकातदार जक्कय तर येशू घरी आल्याबरोबर उभा राहून लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे बोलतो. दावीदाने गोष्टीतल्या माणसाला ठोठावलेला आकडा जक्कय स्वतःला लावून घेतो.

२०२३ च्या एप्रिलात आम्ही मामांच्या गावी गेलो. ग्रंथ नेले नाहीत, ते ग्रंथालयाचे. पैसे नेले. चौपट करावे की व्याज धरावे यावर आम्ही एस.टी.त हलक्या आवाजात बोलत होतो. शेवटी पाकिटात १५,००० रुपये होते. मामांचे घर गावाच्या कडेला, प्रार्थनामंदिराच्या मागे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मोठ्या प्रमाणावर महार व मांग समाजांतून आला आणि गावांनी त्यांची वस्ती धर्मांतरानंतरही जेथल्या तेथेच ठेवली, हे आम्ही दलित साहित्याच्या तासाला सांगत आलो आहोत. एकत्र काम केलेल्या माणसाच्या घरी जाण्याची ही आमची पहिली वेळ होती.

ओसरीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. आम्ही सगळे सांगितले. मामा ऐकत होते. मग म्हणाले, “मला ठाऊक होतं की, सर. मीच दिली होती ना पिशवीत घालून.”

मग तुम्ही सांगितले का नाही, असे आम्ही विचारले. आजही तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो.

“सांगितलं होतं तवाच साहेबांना. ते म्हणले, सरांनी नि मॅडमनी लिहून सही केलीय. तुझ्याकडं काय आहे?”

आम्ही दहा वर्षे ज्याला आमचे मौन समजत होतो ते मौन नव्हतेच. आमची सही बोलत होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या एका परिपत्रात ‘पापाच्या रचना’ असा शब्दप्रयोग केला आहे, लॅटिन अमेरिकेतल्या मुक्तिवादी धर्मचिंतकांनीही त्या अंगाने पुष्कळ लिहिले. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे जमीनदार आणि हुकूमशहा होते. प्राध्यापकाची सही आणि परिचराचा शब्द यांच्या वजनातला फरक आम्ही निर्माण केला नव्हता. तो तयार होता. आम्हांला फक्त त्याच्यात बसायचे होते, आणि बसताना काही करावेही लागले नाही.

आम्ही पाकीट पुढे केले. मनात कोठेतरी अपेक्षा होती की मामा ‘राहू द्या’ म्हणतील. त्यांनी पाकीट उघडले, नोटा मोजल्या, ३,४८० बाजूला काढायला लागले. सुटे नव्हते म्हणून सुनेला हाक मारून वीस रुपये आणवले, ते आम्हांला दिले आणि ३,५०० ठेवून बाकीचे पाकिटात घालून परत केले. “हे पुस्तकांचं झालं,” म्हणाले.

चहा आला. आम्हांला जे विचारायचे होते ते विचारण्याचे धाडस होत नव्हते. मामांनीच विषय काढला. “ती प्रार्थना हाय ना आमची, ऋण्यांची. रोज म्हणतो मी. तिथं आलं की तुम्ही दोघं उभं राहता. कधी पुढं जातो, कधी तिथंच थांबतो.” आम्ही विचारले, “आणि आता?” ते जरा वेळ गप्प राहिले. “आता बघू. ते आपल्या एकट्याच्या हातात नसतंय, मॅडम.” क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, केली नाही असेही नाही. जाताना एवढेच म्हणाले, “त्या रजिस्टरात माझ्या नावापुढं लिहिलंय, तेवढं बघा.”

पुढच्या सोमवारी चारही ग्रंथ आम्ही ग्रंथालयात नेऊन दिले; अकरा वर्षे उशिराचा सोमवार. सोबत प्राचार्यांच्या नावे अर्ज दिला. त्यात २०१३ मधील आमचे लेखी निवेदन खोटे ठरले आहे, संबंधित परिचरांचा त्यात दोष नव्हता, तशी नोंद जुन्या रजिस्टरात व त्यांच्या सेवापुस्तिकेत व्हावी, असे लिहिले. प्राचार्यांनी अर्ज वाचून आम्हांला बसवले, चहा मागवला आणि इतक्या जुन्या किरकोळ बाबीचा त्रास करून घेऊ नका असे आपुलकीने सांगितले. अर्ज आवक झाला.

त्या वर्षी हामार्तियाच्या तासाला आम्ही फळ्यावर दोन रेघा मारल्या नाहीत. ती विद्यार्थिनी तोवर एम.ए. होऊन गेली होती. तिला फोन करून त्या विनोदाबद्दल माफी मागितली, तेव्हा तिला तो आठवला नाही, किंवा तिने तसे सांगितले. पाळकांना कळवते म्हणाली.

जूनमध्ये संदर्भ विभागात गेलो असताना ते चार ग्रंथ कपाटात दिसले. नवी वेष्टने, नवे क्रमांक. जुन्या नोंदी संगणकावर घेतल्या गेल्या तेव्हा गहाळ ग्रंथ गाळले होते, त्यामुळे परत आलेल्या ग्रंथांना संगणकात जागा नव्हती. नवीन ग्रंथपालांनी त्यावर त्यांच्या परीने मार्ग काढला होता. मुखपृष्ठाच्या आत चिठ्ठी होती : भेट. खाली दाते म्हणून आम्हां दोघांची नावे, पदव्यांसकट. ती नोंद बदलण्यासाठी आम्ही दुसरा अर्ज दिला आहे.